फोनचं बाकडं

"ते राहू द्या," निवृत्ती पगारे म्हणाला आणि तिथेच सगळा घोळ झाला.

आता तुम्हीच सांगा, मराठी माणसाने राहू द्या म्हटलं की काय समजायचं? ताटात तिसरी पोळी पडायला लागली की आपण राहू द्या म्हणतो, म्हणजे नको. रिक्षावाला पाच रुपये परत द्यायला लागला की राहू द्या, म्हणजे ठेवा तुम्हालाच. आणि घरातल्या एखाद्या वस्तूला कोणी हात घातला की राहू द्या, म्हणजे खबरदार हलवाल तर. निवृत्तीच्या मनात हा तिसरा अर्थ होता. पण समोर उभा होता मुंबईच्या लिलाव कंपनीचा माणूस. त्याच्या हातात टॅब, आणि टॅबमध्ये आठ दिवसांपूर्वी फोटो काढून केलेली यादी. तो एकेक नाव वाचत होता. "लिहायचं टेबल?" "घ्या." "चार खुर्च्या?" "घ्या." "पुस्तकांचं शेल्फ?" "घ्या." "टेलिफोन सीट?" "ते राहू द्या." त्या बिचाऱ्याने ऐकलं, यादीत राहू द्या. त्याने बरोबरची खूण केली, टॅब पुढे धरला आणि निवृत्तीने न वाचता बोटाने सही ठोकली.

खाली टेम्पो मागे घ्यायला जागा नव्हती, म्हणून निवृत्ती शेजारच्या भिकनची स्कूटर सरकवायला तीन जिने उतरून गेला. हमाल वस्तू जाड चादरींत गुंडाळून खाली आणत होते. शेवटचं गाठोडं आलं तेव्हा बिल्डिंगचं लोखंडी दार याने स्वतः धरून ठेवलं. वर "सांभाळून रे बाबांनो" असंही म्हणाला. मग वर येऊन बघतो तर दाराजवळच्या भिंतीला लागून असलेलं फोनचं बाकडं गायब! तो गॅलरीत धावला. टेम्पो पवननगरच्या कोपऱ्यावर वळत होता. निवृत्तीने हात वर केला. तोंडातून आवाज काही फुटला नाही. ड्रायव्हरला वाटलं, काका टाटा करतायत. त्यानेही खिडकीतून हात हलवला आणि गेला.

एक फोन केला असता तर गाडी अंबडच्या पुढेही गेली नसती. पण फोन करायचा कोणी? निवृत्तीने? अहो, तोच तर या माणसाचा रोग होता.

कारकिर्दीची बावीस वर्षं त्याने देवळाली कॅम्पात काढली, जाल कोतवाल नावाच्या पारशी आर्किटेक्टकडे. साहेब इमारती कमी आणि टेबल-खुर्च्या जास्त काढायचे, आणि त्यांच्या रेघोट्यांची स्वच्छ, मोजमापाची चित्रं करायची हे निवृत्तीचं काम. नाव निवृत्ती, पण बावीस वर्षांत बावीस रजा घेतल्या नसतील. साहेब ऑफिस बंद करून मुलीकडे परदेशी गेले तेव्हा जाताना म्हणाले, "पगारे, ह्यातलं तुला पाहिजे ते ने." निवृत्तीने लाजत लाजत टेबल, खुर्च्या, शेल्फ आणलं. भिमाबाई, त्याची बायको, टेम्पोबरोबर गेली होती, तिने मात्र लाजबिज न ठेवता एक बुटकं सागाचं बाकडं उचलायला लावलं. वेताने विणलेली एका माणसाची बैठक, तिला जोडून डाव्या हाताला फोन ठेवायची फळी, फळीखाली डिरेक्टरीचा कप्पा. "आपल्याकडे फोन कुठाय?" निवृत्ती म्हणाला. "येईल की," ती म्हणाली.

आला. आणि आला तो भिमाबाईचाच झाला. ती बालवाडीची बाई. दिवसभर पोरांशी बोलून दमायला पाहिजे, तर ही संध्याकाळी बाकड्यावर बसून येवल्याची बहीण, कळवणची नणंद, ओझरची मैत्रीण, सगळ्यांची खबर घ्यायची. मुलगा संघर्ष शिकायला पुण्याला गेला, तिथेच नोकरीला लागला, चैतालीशी लग्न करून तिथेच राहिला. त्याचा फोन रोज रात्री साडेआठला. चुकून निवृत्तीने उचलला तर हा म्हणायचा, "हां, थांब, आईला देतो." बस. मुलाशी आयुष्यभरात फोनवर बोललेली वाक्यं मोजली तर हे एकच, पाच-सहाशे वेळा. एकदा भिमाबाई फोनवर बसली की तास जायचा, म्हणून निवृत्ती चपला घालून खाली फेरीला निघायचा. पुढे तारेचा फोन गेला, मोबाइल आला, तरी ती चार्जरची वायर ओढून त्याच बाकड्यावर बसायची.

अडीच वर्षांपूर्वी ती गेली. चार दिवसांच्या तापात गेली. त्यानंतर घरात फोन वाजायचाच बंद झाला. बहीण, नणंद, मैत्रीण, ह्या सगळ्या तिच्या होत्या. निवृत्तीच्या नव्हत्याच कधी. संघर्ष रविवारी सकाळी करायचा. "बरंय ना बाबा?" "बरंय. तुमचं?" "बरंय." मग दोघेही थोडा वेळ श्वास घेत राहायचे, आणि कोणीतरी म्हणायचं, "बरं, ठेवतो." एका रविवारी मात्र संघर्ष लांबलचक बोलला. त्याने कुठेतरी वाचलं होतं की जाल कोतवालांच्या फर्निचरला आता संग्राहक लोक वेड्यासारखे पैसे देतात. एकट्याला एवढ्या सामानाचं काय करायचंय, विकून टाका, घर झाडायलाही सोपं जाईल. निवृत्ती म्हणाला, बरंय. टेबलावर कोणी लिहीत नव्हतं आणि चार खुर्च्यांपैकी तीन रिकाम्याच असायच्या. त्या गेल्या तर गेल्या. पण बाकडं त्याने विकलेलं नव्हतं. रात्री साडेआठ वाजता तो पलीकडच्या दिवाणावर बसून त्या बाकड्याकडे बघायचा, आणि ती आता एवढ्यात मान वळवून "अहो, चहा ठेवा ना जरा" म्हणेल असं अजूनही वाटायचं. तेवढ्यावर दिवस निघत होता. आता तिथे भिंतीवर फक्त तेलकट डाग उरला, तिच्या डोक्याचा. निवृत्ती त्या रात्री रडला. कोणी बघायला नव्हतं, त्यामुळे चांगला मोठ्याने रडला.

महिनाभराने कॅटलॉग आला, गुळगुळीत कागदाचा. सोबत पत्र, की कोतवालांचं काम नाशिकचं म्हणून दोन दिवस प्रदर्शन नाशकात, मग शनिवारी लिलाव मुंबईला. आपल्याकडे लिलाव म्हटलं की माणसाला कांदा आठवतो. इथे खुर्चीच्या एका फोटोसाठी अख्खं पान होतं.

निवृत्तीने इस्त्रीचा शर्ट घातला आणि गंगापूर रोडच्या त्या हॉटेलात गेला. आत थंडगार हॉल, मंद उजेड, आणि मधोमध एका पांढऱ्या चौथऱ्यावर फोनचं बाकडं. वरून खास दिवा सोडलेला. खाली पाटी: टेलिफोन सीट, साग व वेत, १९७६ च्या सुमारास. पृष्ठभागावर वापराच्या मूळ खुणा, त्यामुळे वस्तूच्या अस्सलपणात भर. निवृत्तीने वाकून पाहिलं. अस्सलपणा कसला, भिमाबाईच्या चहाच्या कपांची गोल गोल वर्तुळं ती! आणि फळीच्या कडेला ओरखडे. बोलता बोलता केसातला आकडा काढून खरडत बसायची सवय. याने किती वेळा टोकलं असेल, साहेबांची वस्तू आहे, खराब करू नको म्हणून. दोन गोऱ्यागोमट्या बाया त्या ओरखड्यांचे फोटो काढत होत्या.

त्या सरकल्या तसा निवृत्ती चौथऱ्यावर चढला आणि सरळ बाकड्यावर बसला.

"काका! काका, बसायचं नसतं," एक मुलगी धावत आली. पंचविशीची असेल, गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव तेजल.

"का नसतं? आमच्या घरचं आहे."

"तुमच्या घरचं म्हणजे?"

निवृत्तीने सांगितलं. जमेल तसं, तुटक तुटक. राहू द्याचं सांगितलं, टेम्पोचं सांगितलं. तेजल आधी हसली, मग तिचं हसू थांबलं. ती येवल्याची निघाली. राहू द्याचा घोळ तिला समजावून सांगायला लागला नाही. पण करार म्हणजे करार. कॅटलॉग छापल्यावर वस्तू मागे घेता येत नाही, ती म्हणाली, आणि सही तुमचीच आहे काका.

"मग मी विकत घेतो."

"मालकाला स्वतःच्या वस्तूवर बोली लावता येत नाही."

"मग कोणाला येते?"

"मालक सोडून कोणालाही." तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिने लगेच त्याला पाणी आणून दिलं. पाणी पिईपर्यंत बसू दिलं. निवृत्तीने ते पाणी फार सावकाश प्यायलं.

घरी आला तर जिन्यात भिकन वाघ उभा. सटाण्याकडचा, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. अर्ध्या नाशिकला तिकिटं फाडून दिलेला माणूस, त्याला चेहरा वाचता येणारच. "काय व्हयनं भाऊ? तोंड काबरं उतरेल शे?"

ऐकून घेतल्यावर त्याने मांडीवर थाप मारली. "मालक सोडून कोणीबी ना? मग मनं नाव लिख. मी कोठला मालक?"

"अरे पण फसवणूक ती."

"कोणाची? वस्तू तुझी, पैसा तुझा, नाव फुकटचं माझं. फोन तुझ्याकडेच येऊ दे, मला ऐकू येत नाही नीट."

झालं. भिकन वाघ, राहणार पवननगर, सिडको, यांच्या नावाने फोनवरून बोली लावायची नोंदणी झाली, आणि नंबर निवृत्तीचा. बाकड्याचा अंदाज चाळीस ते साठ हजार लिहिला होता. निवृत्तीच्या ठेवीत एक लाख होते, औषधपाण्यासाठी राखलेले. तो बँकेत जाऊन ठेव मोडून आला. बँकेतल्या पोराने विचारलं, काही इमर्जन्सी का काका? निवृत्ती हो म्हणाला, आणि खोटं बोलल्यासारखं त्याला मुळीच वाटलं नाही.

शनिवारी दुपारी त्याने जेवण केलं नाही. तीन वाजल्यापासून मोबाइल समोर ठेवून बसला. चारला पाच कमी असताना तो वाजला.

"नमस्कार, भिकन वाघ काका बोलताय ना?" आवाज तेजलचा.

निवृत्तीने आवाज जाड केला. "हो."

"आवाज ओळखीचा वाटतोय."

"सर्दी झालीय."

"बरं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं. "भिकन काका. तुमची वस्तू सदतीस नंबरला आहे, आता एकविसावा चाललाय. लाइन चालूच ठेवते, मध्ये कट झाली तर परत लागायला वेळ जातो. बसा कानाला लावून."

निवृत्ती बसला. पलीकडून लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज, कोणाचा खोकला, आकड्यांमागून आकडे, मग हातोड्याचा ठक. तेजल मध्ये मध्ये सांगायची, "तेवीस झाला काका. दिवा होता एक पितळी." थोड्या वेळाने म्हणाली, "बोला ना काही काका. मलाही नुसतंच बसायचंय."

काय बोलायचं? निवृत्तीने आधी सांगितलं की नाशकात ऊन फार आहे. मग सांगितलं की त्या बाकड्याची बैठक दोन इंच कमी उंचीची आहे, कारण साहेबांचं म्हणणं होतं की फोनवर माणूस पाय पसरून बोलतो. मग भिमाबाईचं निघालं. मग थांबेचना. ती फोन उचलताच जयभीम अशा खणखणीत आवाजात म्हणायची की खालच्या मजल्यावरचा जयभीम म्हणायचा. कोणाची सून बाळंत व्हायची आहे, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोणी कोणाशी अबोला धरलाय, तिला सगळं ठाऊक. एकदा चुकीचा नंबर लागून मालेगावची कुठली चांगुणा म्हणून बाई आली लाइनवर, तर तिच्याशी पाऊण तास बोलली आणि पुढे दर दिवाळीला त्या चांगुणाबाईचा फोन यायचा. तेजल खळखळून हसली. निवृत्तीही हसला. आपण अडीच वर्षांत एका दमात एवढं बोललो नाही, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला आनंद झाला. खरोखर आनंद झाला, लहान पोरासारखा. सदतीस नंबर जरा उशिरा आला तर बरं, असंही मनात येऊन गेलं.

"आला काका," तेजल म्हणाली. तिचा आवाज एकदम कामाचा झाला. "तीस हजारला उघडलंय. बोलू?"

"बोला."

"पस्तीस आपले. चाळीस हॉलमधून. पंचेचाळीस आपले. पन्नास, ऑनलाइन कोणीतरी. बोलू?"

"बोला, बोला."

साठला हॉलमधला माणूस गळला. पण तो ऑनलाइनवाला काही गळेना. हा पासष्ट म्हणे तर तो सत्तर. हा पंच्याहत्तर तर तो ऐंशी, विचार करायलाही थांबत नव्हता मेला. नव्वद. पंच्याण्णव. "काका, पंच्याण्णव आपल्याकडे आहे," तेजल कुजबुजली. "थांबा... एक लाख आलं समोरून. बोलू का पुढे?"

एक लाख. संपलं की. पण निवृत्ती बोलून गेला, "बोला." आणि परत बोलला, "बोला." एक लाख वीसवर त्याला आठवलं की घरात आता विकायलाही काही उरलेलं नाही. एक लाख तीसला तो उभा राहिला. समोरच्याने एक लाख चाळीस केले.

"काका?"

त्याची नजर भिंतीवरच्या तेलकट डागावर गेली.

"काका, दहा सेकंद आहेत. बोलू का?"

राहू द्या, असं अगदी ओठावर आलं होतं. पण या वेळी निवृत्तीने शब्द निवडून घेतला. "नको," तो म्हणाला. "नको बाई. थांबा."

हातोडा पडला. तेजल म्हणाली, "मला फार वाईट वाटतंय काका. पण चाळीस नंबरला दुसऱ्यांना फोन लावायचाय मला. ठेवू?"

"ठेवा," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर घरात एवढं शांत झालं की फ्रिज चालू असल्याचं त्याला पहिल्यांदा ऐकू आलं. बाकडं गेलं. कोणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाईल, वर दिवा सोडतील, आणि बसायचं नसतं अशी पाटी लावतील.

पाच मिनिटांत फोन परत वाजला. तेजलच असणार म्हणून त्याने झडप घातली. स्क्रीनवर नाव संघर्षचं. शनिवारी?

"काय झालं रे?"

"काही नाही बाबा. सहज." संघर्षला धाप लागल्यासारखी होती. "ते फोनचं बाकडं घेतलं मी."

"काय घेतलं?"

"लिलावात. ऑनलाइन. तुमच्या घरच्यांना घेता येत नाही म्हणून एका मित्राच्या नावावर घेतलं." रक्त एकच, दुसरं काय! "एक लाख चाळीस हजारला पडलं. साठ-पासष्टला सुटलं असतं हो, पण फोनवर कोणीतरी एक होता, सोडेचना. शेवटपर्यंत चिकटून. असा संताप आला मला त्याचा."

निवृत्तीने भिंतीला हात टेकला. "असेल कोणी वेडा," तो म्हणाला.

"पैसे काय, तुमच्याच खात्यात येणार. पण बाबा, कॅटलॉगमध्ये ते दिसलं तेव्हा मला... तुम्ही तेसुद्धा दिलंत? निदान विचारायचं तरी. मला पाहिजे होतं ते."

"तुला कशाला रे?"

"कशाला म्हणजे?" मुलाचा आवाज चिरकला. पस्तीस वर्षांचा बाप्या, पण आवाज चौथीतल्या पोराचा. "आई त्याच्यावर बसून बोलायची माझ्याशी. रोज. तुम्हाला काय त्याचं, तुम्ही तर फोन आला की चपला घालायचे."

हे खरंच होतं. मीही तेच मागत होतो रे, तो वेडा मीच, हे सांगावं का असं निवृत्तीच्या मनात आलं. पण संघर्ष थांबला नव्हता. त्याचं आता कुठलं तरी बूच उडालं होतं.

"तरी तेव्हा मला काही वाटायचं नाही. कारण तुम्ही विचारायचे ना माझं सगळं, आईजवळ. ती सांगायची रोज. बाबा विचारतायत, दाढ दुखायची थांबली का. बाबा म्हणतायत, नव्या साहेबाशी वाद घालू नको. त्या वर्षी माझे दोन विषय राहिले तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, नाही जमलं तर घरी ये म्हणावं, घर आहे. मी तेवढ्यावर वर्ष काढलं बाबा. मी चैतालीलासुद्धा सांगायचो, आमच्या बाबांना फोनवर बोलता येत नाही, पण त्यांचं लक्ष असतं. आणि आई गेली तसं तुम्ही एकदम... अडीच वर्षांत एकदा तरी काही विचारलंत? मला वाटलं, आई गेली तेव्हा तुमचं माझ्यावरचं लक्षही तिच्याबरोबर गेलं."

निवृत्ती तसाच उभा राहिला. दाढ? त्याला संघर्षची दाढ दुखत होती हेही माहीत नव्हतं. राहिलेल्या दोन विषयांचं त्याला निकाल सुधारल्यावर कळलं होतं. यातलं एकही वाक्य त्याने कधी उच्चारलं नव्हतं. तो खाली सिमेंटच्या रस्त्यावर फेऱ्या मारत होता, आणि वर ती त्याच्या नावाने बोलत होती, रात्रीमागून रात्र, वर्षामागून वर्ष. पोराला बाप पुरवत होती. आणि त्याला एका शब्दाने कळू दिलं नाही तिने.

ते मी नव्हतो, असं म्हटलं असतं तर खरं झालं असतं. पण मग त्या पोराजवळ काय उरलं असतं?

"चुकलं माझं," निवृत्ती म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "विचारायला पाहिजे होतं. ती गेल्यावर सुचेना मला काही. बाकडं तुझ्याकडे असू दे. तुझंच आहे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग कोणीच काही बोलेना, आणि निवृत्तीला कळलं की आता रविवारसारखं होणार. आता हा बरं, ठेवतो म्हणणार. काहीतरी विचारायला पाहिजे, आत्ता, लगेच. पण काय? पोराच्या साहेबाचं नाव त्याला माहीत नव्हतं. पोराचं दुखतं काय, खुपतं काय, काही म्हणता काही माहीत नव्हतं. भिमाबाईने इथे चुटकीसरशी दहा प्रश्न काढले असते.

"आत्ता कुठे आहेस तू?" त्याने विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"घरीच."

"घरी म्हणजे? काय करतोयस?"

"काही नाही. बसलोय. स्वयंपाकघरात, खाली."

"खाली का? आणि चैताली कुठाय?"

उत्तराला फार वेळ लागला. निवृत्तीला वाटलं लाइन कट झाली, म्हणून त्याने मोबाइल कानापासून दूर करून पाहिला. आकडे पुढे सरकत होते.

"चैताली गेलीय बाबा. तिच्या आईकडे," संघर्ष म्हणाला. "मार्चपासून."

आणि हा ऑक्टोबर चालला होता. म्हणजे तीस रविवार हा पोरगा रिकाम्या घरातून बरंय म्हणत होता, आणि हा इकडून बरंय म्हणत होता.

निवृत्ती भिंतीला पाठ घासत हळूहळू खाली फरशीवर बसला. गुडघे दुखले, पण त्याने पाय पसरले आणि मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"सांग," तो म्हणाला. "मी कुठे जात नाहीये. पहिल्यापासून सांग."